चित्राखाली काय लिहायचं?

अभिमानी : काका, विज्ञान दिनाला वाचनालयाच्या भिंतीवर शंकर आबाजी भिसे यांचं चित्र लावू म्हटलं, तर तुम्ही तोंड वाकडं केलं. काहून बाप्पा? प्रतापनगर चौकात उभं राहून दहा जणांना विचारा, टेस्ला कोण? पोट्टेही सांगतील, कारण त्या नावाची गाडी आहे. भिसे कोण, असं विचारा. एकाला सांगता आलं तर तुम्ही म्हणाल ते हरेन. १८६७ साली मुंबईत जन्मलेला मराठी माणूस. ऐन विशीत लोकल गाड्यांसाठी पुढचं स्टेशन दाखवणारं साधन बनवल्याचं सांगतात. आज मेट्रोच्या डब्यात पुढच्या स्थानकाचं नाव उजळतं, तेव्हा मला तेच आठवतं. पीठ-साखरेसारखा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्राच्या आराखड्याला लंडनच्या एका नियतकालिकाचं बक्षीस मिळालं. दादाभाई नौरोजींनी हात दिला, भिसे लंडनला गेले, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्यांची विजेवर चालणारी जाहिरातीची पाटी लोकांनी पाहिली. मग छापखान्याचे खिळे ओतणारं 'भिसोटाइप'. दोनशेच्या आसपास शोध आणि चाळीसेक पेटंटं त्यांच्या नावावर सांगितली जातात. १९३५ साली न्यूयॉर्कमध्ये वारले. आपण त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणतो, आणि तेवढं म्हणून विसरून जातो.

शंकेखोर : चित्राला माझी ना नाही बेटा. तोंड वाकडं झालं ते त्या 'एडिसन'वर. उभी हयात अजनीच्या लोको शेडमध्ये काढली मी. इंजिनाला आम्ही त्याचं गोत्र विचारत नसू. किती ओढतं ते विचारायचो. भिशांच्या यंत्रांना तोच प्रश्न विचार. विजेची पाटी? पुढे निऑनच्या नळ्या आल्या आणि शहरं त्यांनी उजळली. भिशांच्या पाटीचा वंश पुढे चालला नाही. खिळे ओतणारं यंत्र? मिनिटाला बाराशे खिळे ओतायचं म्हणतात, तेही धरून चालू. पण त्याच काळात लायनोटाइप आणि मोनोटाइप यांनी छापखाने व्यापले होते. नंतर ऑफसेट आलं, मग संगणक. खिळे गेले, ते जुळवणारे जुळारीही गेले. शेवटी पैसा थोडाफार कशातून मिळाला? आयोडीनच्या औषधातून, ॲटोमिडीनमधून. ते औषधाच्या बाटलीतलं काम, विजेचं नव्हे. मग तुझ्या टिपणातलं 'आधुनिक विद्युत तंत्राला आकार देणारा उपेक्षित संशोधक' हे वाक्य तू कुणासाठी लिहिलंस? पोरांना चुकीचा अभिमान दिला, तर तो पहिल्याच प्रश्नाला फुटतो. आणि फुटलेला अभिमान नसलेल्या अभिमानापेक्षा वाईट.

अभिमानी : तुम्ही शोधाला लग्नासारखं तोलता काका, वंश पुढे चालला का म्हणून. कुठलंही तंत्र शेवटी मरतंच. एडिसनचा दिवा तरी आज कुठे आहे? त्याने न्यूयॉर्कमध्ये घातलेली डीसी विजेची व्यवस्था टेस्लाच्या बाजूच्या लोकांनी त्याच्या हयातीत मागे सारली. तरी एडिसन हा एडिसन. मग भिशांच्याच बाबतीत 'आज काय उरलं' हा गज का लावायचा? शिवाय त्यांना काय मिळालं नाही तेही बघा. एडिसनकडे मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती, पगारी माणसं होती. त्याच्या नावावरची १,०९३ अमेरिकी पेटंटं एका डोक्याची नाहीत, एका कारखान्याची आहेत. भिशांचं अर्धं आयुष्य ओळखपत्रं घेऊन दारं ठोठावण्यात गेलं. हाती काही न लागता १९०८ साली ते लंडनहून परत निघाले, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्यांची गाठ रतन टाटांशी घालून दिली, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या मुलाशी. १९१० साली 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' निघालं. पहिलं महायुद्ध आलं, आणि १९१५ मध्ये ते गुंडाळलं गेलं. पुढच्या वर्षी माणूस अमेरिकेला गेला, तो तिथलाच झाला. आणि एक सांगू? त्या टाटांच्या पैशाला नागपूरचा वास होता. जमशेटजींचा पाया घातला तो आपल्या एम्प्रेस मिलने, १८७७ साली. म्हणजे भिशांच्या लंडनच्या कारखान्यात थोडंसं विदर्भाच्या कापसाचंही पाठबळ होतं.

शंकेखोर : कापसाचं छान जुळवलंस. पण १९१० आणि १९१५ ही दोन सालं तू घेतलीस ना, त्याच सालांत त्याच घराण्यात आणखी एक गोष्ट घडत होती. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी निघाली. लोणावळ्याचं पाणी अडवून खोपोलीला खाली सोडायचं, त्यावर वीज करायची आणि मुंबईला न्यायची. १९१५ साली ती वीज मुंबईत पोचली. घर एक, वर्षं तीच, महायुद्ध तेच. एक उपक्रम तरला, दुसरा बुडाला. का? खोपोलीच्या विजेला गिऱ्हाईक आधीच उभं होतं, मुंबईच्या कापड गिरण्या. कोळसा आणि वाफ यांना कंटाळलेल्या. भिशांना काय मिळालं होतं? आश्रयदाता. रतन टाटा दिलदार माणूस. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला त्यांनी पैसा दिला, पाटलीपुत्राच्या उत्खननाला दिला, तसाच भिशांना दिला. दान देणारा आणि विकत घेणारा यांत फार फरक असतो. दात्याची अडचण वाढली की दान थांबतं. गिऱ्हाइकाची अडचण असते तोवर धंदा थांबत नाही.

अभिमानी : हे पटतंय, आणि नेमकं म्हणूनच मला राग येतो. खोपोलीची यंत्रं परदेशातून आली. पाणी आपलं, पैसा आपला, बुद्धी विकत. आणि जिथे बुद्धी आपली होती, तिथे यंत्र परदेशात जाऊन बनवावं लागलं. गुलाम देशात गिऱ्हाईक कुठून आणणार होते भिसे?

शंकेखोर : थांब. पारतंत्र्य ही खरी गोष्ट आहे, पण ती प्रत्येक कुलपाला लावायची किल्ली नव्हे. तेच १९१० साल घे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, त्याच इंग्रजांच्या राज्यात. लोखंडी नांगर केला, तर शेतकरी म्हणाले लोखंडाने जमिनीत विष उतरतं. पडून राहिले नांगर. माणसाने वाट पाहिली, लोकांना वापरून दाखवले, आणि पुढे खपले. त्या घराण्याने नंतर विजेच्या मोटारी केल्या. शोध म्हणशील तर किर्लोस्करांचा नांगर काही जगावेगळा शोध नव्हता. पण तो आपल्या मातीत कसा चालेल हे त्यांनी शोधलं. भिसे लंडन-न्यूयॉर्कच्या बाजाराशी झुंजत होते आणि तिथे आधीच पहिलवान बसले होते.

अभिमानी : म्हणजे तुमच्या मते जुळवून घेणारा मोठा, शोधणारा लहान? मग काका, पोरांना सांगू काय? नवं काही काढू नका, बाहेरचं आणा आणि विकून दाखवा? आपल्याकडे ही शिकवण द्यायची गरजच नाही, ती घराघरांत आहे.

शंकेखोर : नाही, तसं नाही म्हणत. बरं झालं तू ताणलंस. माझ्या मनात दुसराच माणूस आहे. इथे प्रतापनगरात दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर रोज त्याचं नाव न घेता त्याच्याबद्दल बोलतात. इंडक्शन चूल बंद पडली की तो काय म्हणतो? 'आयजीबीटी उडाला.' शंभर-दोनशे रुपयांचा काळा तुकडा, तीन पाय. तो बसवला की चूल परत चालू. त्या तुकड्यामागे बंटवाळ जयंत बालिगा आहेत. १९४८ साली मद्रासला जन्म, तिथल्याच आयआयटीतून १९६९ ला बाहेर पडले, मग अमेरिका, जनरल इलेक्ट्रिक कंपनीची स्केनेक्टडीची प्रयोगशाळा. आता ऐक, कारण हे मला तुझ्या पाठ्यपुस्तकाने नाही, इंजिनाने शिकवलं.

टेस्लाने काढलेल्या इंडक्शन मोटारीचं, गाडीचं नव्हे, एक दुखणं होतं. ती मजबूत, तिला ब्रश नाहीत, पण तिची चाल विजेच्या आवर्तनांना बांधलेली. आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तनं. चार ध्रुवांची मोटार मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या जरा खालीच फिरणार, तू काहीही कर. खिडकीतला कूलर घे. स्लो, मीडियम, फास्ट अशी बटणं आहेत, पण ती चाल नीट ताब्यात ठेवणं नव्हे, मोटारीला थोडं उपाशी ठेवणं आहे. मोटारीची चाल मनासारखी बदलायची तर आवर्तनंच बदलायला हवीत, म्हणजे वीज सेकंदात हजारो वेळा तोडायची आणि जोडायची. मोठ्या दाबाची, मोठ्या प्रवाहाची वीज. असा खटका कुठे होता? ट्रान्झिस्टर होता, त्याला चालू ठेवायला सतत प्रवाह पाजावा लागे. मॉसफेट होता, त्याला नुसता दाब दाखवला की उघडायचा, पण मोठ्या व्होल्टेजला स्वतःच तापायचा. बालिगांनी या दोघांचं लग्न एकाच सिलिकॉनच्या चकतीत लावलं. उघडण्यासाठी पंधराएक व्होल्टचा इशारा पुरे, आणि वाहून नेतो शेकडो अँपिअर. आमच्याकडे डब्ल्यूएजी-९ इंजिनं पहिल्यांदा आली ती जीटीओ थायरिस्टर या जुन्या खटक्यांवर. ते बंद करायलाच दांडगा उलटा प्रवाह लागायचा, त्यासाठी वेगळी सामग्री, वेगळी डोकेदुखी. नंतर आयजीबीटीवाली आली. मालगाडी तीच, भार तोच. पण इंजिनाच्या पोटातली गर्दी कमी झाली. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे कोणी केलं असेल?

अभिमानी : हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत.

शंकेखोर : कोणी विचारलं नाही. माझं म्हणणं असं, उपेक्षा म्हणायची तर ही. भिशांचं नाव आहे, वस्तू नाही. बालिगांची वस्तू आहे, नाव नाही. इन्व्हर्टर एसीत, मेट्रोच्या डब्याखाली, हिंगण्याच्या कारखान्यांतल्या वेल्डिंग मशीनमध्ये, विजेच्या गाडीत. ज्याची वस्तू उरली त्याला चित्र नको का?

अभिमानी : आता माझी पाळी, काका, कारण तुम्ही संशय माझ्या माणसापुरता राखून ठेवलात. पहिलं, बालिगांना 'उपेक्षित' कसं म्हणता? २०११ मध्ये ओबामांच्या हस्ते अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक, २०१४ मध्ये आयईईईचं मेडल ऑफ ऑनर, २०२४ मध्ये फिनलंडचं मिलेनियम टेक्नॉलॉजी प्राइज, दहा लाख युरोंचं. याला उपेक्षा म्हणत असाल तर अशी उपेक्षा माझ्या वाट्यालाही येवो. दुसरं, तो तुकडा 'सगळीकडे' नाही. आपल्या घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरमध्ये बहुधा मॉसफेटच असतो, कारण दाब बारा-चोवीस व्होल्टचा. चंद्रपूरहून पडघ्याला वीज नेणारी ५०० किलोव्होल्टची डीसी वाहिनी थायरिस्टरवर चालते. तिसरं आणि मोठं, शोध त्यांचाच कशावरून? मित्सुबिशीच्या यामागामींचं जपानी पेटंट १९६८ चं. आरसीएच्या बेके आणि व्हीटली यांनी १९८० च्या मार्चमध्ये अमेरिकेत अर्ज केला आणि १९८२ मध्ये त्यांना पेटंट मिळालं. हा तुकडा एक खोडी करायचा. त्याच्या पोटात नको असलेला थायरिस्टर दडलेला, तो जागा झाला की खटका बंदच व्हायचा नाही. ती खोडी पुरती मोडणारी रचना तोशिबाच्या नाकागावांनी १९८४ मध्ये दाखवली. मग चित्र पाच जणांचं लावायचं का?

शंकेखोर : वा. हे तू शोधून ठेवलं होतंस म्हणायचं.

अभिमानी : भिशांवर शंका घ्याल हे माहीत होतं. तुमचं हत्यार तुमच्यावर चालतं का, एवढंच बघायचं होतं.

शंकेखोर : चालतं. तरी पूर्ण नाही. पेटंटावरची आकृती आणि कारखान्यातून निघालेला माल, यांच्यामध्ये एक दरी असते. टेस्लाचंही तसंच झालं. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना तुरिनच्या गॅलिलिओ फेरारिसनेही स्वतंत्रपणे काढली होती, १८८८ च्या मार्चमध्ये त्याने ती मांडली. टेस्लाची पेटंटं त्याच वर्षी मे महिन्यात मंजूर झाली. फेरारिसला मोठी मोटार काढायचीच नव्हती. बालिगांचं म्हणशील तर एसी आणि हीट पंपच्या मोटारींची चाल बदलता यावी, ही कंपनीची गरज होती. त्यांनी कंपनीचे प्रमुख जॅक वेल्च यांच्यासमोर आपली योजना मांडली, कंपनीच्या चालू उत्पादन-साखळीतच तो तुकडा बसवला आणि १९८३ मध्ये माल बाजारात आला. इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्याचा वेग हवा तसा ठेवता येतो हे दाखवलं. एका जागी विजेची बचत जास्त महत्त्वाची, दुसऱ्या जागी वेग. तोच तुकडा दोन्हीकडे. ही माझ्या लेखी शोधाची दुसरी, जास्त कष्टाची अर्धी बाजू.

अभिमानी : 'कंपनीच्या चालू साखळीत'! काका, तुम्हीच म्हणालात. भिशांना ती साखळी कधी मिळाली? बालिगांच्या पाठीशी जनरल इलेक्ट्रिक होती. तिला मोटारी विकायच्या होत्या. तिच्याकडे सिलिकॉनच्या भट्ट्या होत्या. तुम्ही दोन माणसांची तुलना करता आहात असं वाटतं, पण खरं म्हणजे एका माणसाची आणि एका माणसासकट कारखान्याची तुलना चालली आहे.

शंकेखोर : हो. आणि तो कारखाना त्या माणसाचा तरी झाला का? कंपनीने बराच काळ त्या तुकड्याचे तपशील बाहेर जाऊ दिले नाहीत, १९८८ मध्ये अर्धवाहकांचा अख्खा धंदाच विकून टाकला. बालिगा विद्यापीठात गेले. बाजार जपान आणि युरोपच्या कंपन्यांनी घेतला. म्हणजे भट्टी असली तरी पोरका होता येतं. आणखी एक ऐक. ज्या सुमारास ते हा तुकडा घडवत होते, त्याच सुमारास त्यांनी एक गणित मांडलं, कोणता पदार्थ सिलिकॉनपेक्षा किती चांगला खटका देईल त्याचं. त्या गणिताला आज त्यांचंच नाव आहे. आता नव्या विजेच्या गाड्यांत सिलिकॉन कार्बाइड येतंय, ते त्या गणिताप्रमाणेच. आपल्या तुकड्याची मुदत माणसाने स्वतः लिहून ठेवली.

अभिमानी : मग तुमच्या मापाने तेही उद्या भिसेच होणार. वस्तू जाईल, नाव राहील, तेही कुणाच्या तरी बक्षिसांच्या यादीत. तेव्हा तुमच्यासारखे एखादे काका विचारतील, 'पण आज काय उरलं?'

शंकेखोर : … विचारतील. यावर माझ्याकडे आता उत्तर नाही. एवढंच म्हणेन, भिशांबद्दल माझी शंका त्यांच्या बुद्धीवर नव्हती. १९३० साली न्यूयॉर्कमध्ये ते एडिसनला भेटले म्हणतात, तेव्हा एडिसन मरणाच्या दारात होता. त्या भेटीचा विचार कर. एकाच्या मागे वीज कंपन्या, ग्रामोफोन, सिनेमा. दुसऱ्याच्या हातात औषधाची बाटली आणि न चाललेलं खिळ्यांचं यंत्र. आपण त्या दुसऱ्याला पहिल्याचं नाव देतो. यात मान कुणाचा वाढला? भिशांचा तर नाहीच. 'भारताचे एडिसन' म्हटलं की त्यांनी स्वतः काय केलं ते विचारायची गरज उरत नाही. मला तर वाटतं, त्यांची खरी उपेक्षा त्या पदवीत आहे.

अभिमानी : हे मी आज पहिल्यांदा ऐकते आहे, आणि मान्य करायला जड जातंय. कारण चित्राखाली मी तेच लिहिलं होतं. पाटीवाल्याला देऊनही झालं. पण बघा, तुम्ही मला एक अडचण करून ठेवलीत. 'भारताचे एडिसन' खोडलं तर खाली काय लिहू? 'खिळे ओतणारं यंत्र केलं, ते चाललं नाही'? मुलं खिळा म्हणजे भिंतीतला समजतील. 'लंडनमध्ये विजेची पाटी लावली'? 'गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून परदेशात राहिले'? हे खरं आहे, पण चित्राखाली कोण लिहितं? आणि बालिगांचं चित्र शेजारी लावलं, तर त्यांच्याखाली 'आयजीबीटी' लिहून कोणाला काय कळेल?

शंकेखोर : त्यांच्याखाली दुरुस्तीवाल्याकडचा उडालेला एक तुकडा डकवून ठेव. तो देईल फुकट, डबाभर पडलेत त्याच्याकडे.

अभिमानी : आणि भिशांच्या खाली?

शंकेखोर : एक शिशाचा खिळा मिळाला तर बघ. सीताबर्डीच्या एखाद्या जुन्या छापखान्यात असेल अजून. मात्र तो त्यांच्या यंत्रातला नसेल, हे पोरांना सांगावं लागेल.

अभिमानी : म्हणजे ज्याची वस्तू उरली नाही त्याच्याखाली दुसऱ्याची वस्तू ठेवायची? मग 'एडिसन' लिहिलं तर तुम्हाला का टोचलं?

शंकेखोर : खरंच की. मग खोड ते, खिळाही नको. जागा कोरी ठेव.

अभिमानी : कोऱ्या जागेपुढे कोण थांबतं काका? 'एडिसन' वाचून निदान एखादं पोट्टं थांबलं असतं.